पुस्तकात न येणारं नाव

सायबाशी गावच्या पोरांना लोखंड माहीत नव्हतं असं नाही. बाप, काका, आजा, गावातले सगळे गडी उठता-बसता 'तेमिर' म्हणत, आणि आमच्या भाषेत तेमिर म्हणजे लोखंड. पण गावातली एकही सून तो शब्द तोंडातून काढत नसे, कारण गावातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाचं नावही तेमिरच होतं. सासऱ्याचं, चुलत सासऱ्याचं, थोरल्या दिराचं नाव सुनेने घ्यायचं नाही. सायबाशी हे एकाच कुळाचं गाव, तेव्हा तेमिर सगळ्याच सुनांचा कुठून ना कुठून सासरा लागायचा. मग सुना लोखंडाला 'टणक' म्हणत. टणकाची कढई, टणकाचा खिळा, घोड्याच्या टापेखालचं टणक. ऐकणाऱ्याला कळायचं, सांगणारीचं भागायचं.

कुलिपा खुद्द तेमिरच्या घरची सून, आणि गावच्या शाळेची मास्तरीणही तीच. सगळी मेख इथेच होती.

शाळा म्हणजे एका श्रीमंताचं जप्त केलेलं घर. त्याच्याच घराचं दार काढून, काजळीने काळं करून फळा केलेला. पुस्तक वर्गात एकच, तेही कुलिपाच्या हातात. ती वाचायची आणि पोरं लिहायची. पुस्तकात 'लोखंडी रस्ता' आला, म्हणजे आगगाडीचा, की ती डोळा न लवता वाचायची, "टणक रस्ता." नांगर टणकाचा, हातोडा टणकाचा, आणि सरकारने पाठवलेल्या ट्रॅक्टरला पुस्तक 'लोखंडी घोडा' म्हणायचं तो टणक घोडा. हजेरी घेताना पुतण्याचं आडनाव आलं की तिची जास्तच पंचाईत. नव्या सरकारने सगळ्यांना आज्याच्या नावावरून आडनावं दिलेली, म्हणजे पुतण्या झाला तेमिरोव. कुलिपा म्हणायची, "आणि आपल्या घरचा?" कोपऱ्यातून पुतण्या ओरडायचा, "हजर, एझेके!" आमच्याकडे मास्तरणीला 'एझेके', म्हणजे थोरली ताई म्हणतात.

खरं तर ती लग्न होऊन आली तेव्हा असल्या चालीरीतींना हसणारी होती. आईबाप दुष्काळात गेले, अनाथालयात वाढली, शहरात मास्तरकीचा छोटा वर्ग करून आली. तिथे शिकवलं होतं की नव्या जमान्याच्या बाईने जुने पायबंद तोडून टाकायचे. कुलिपाने सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या होत्या. तेमिरच्या मुलाशी, झुमाशशी, लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणींना म्हणाली होती, "पहिल्याच दिवशी सासऱ्याला नावाने हाक मारते की नाही बघा." पोरगी तोंडाची फटकळ, आणि बोललेलं करून दाखवणारी.

ती हाक राहून गेली एका घोड्यामुळे.

तिच्या पहिल्या हिवाळ्यात शाळा पुन्हा उघडली तेव्हा एकही पोर आलं नाही. गावात कुजबुज चाललेली, की कालची सून आज चारचौघांपुढे उभी राहून शिकवणार, मग चूल कोण बघणार? झुमाश भिडस्त माणूस, तो नुसता जमिनीकडे बघत राहिला. म्हातारा तेमिर सामुदायिक शेतीचे घोडे सांभाळायचा. त्याने आपल्या तांबड्या घोड्यावर खोगीर कसलं, सुनेला वर बसवलं, आणि लगाम हातात धरून स्वतः पायी निघाला. बर्फ घोट्यापर्यंत. सासरा चालतोय आणि सून घोड्यावर, हे आमच्या डोंगरात कुणी ऐकलेलंही नव्हतं. प्रत्येक दारापुढे थांबून तो ओरडत होता, "मास्तरीणबाई शाळेला निघाल्यात! कुणाला हरकत असेल त्याने बाहेर येऊन मला सांगावं!"

बाहेर कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी पोरं आली.

त्या दिवसापासून कुलिपाला ते नाव घेणं जमेना. तिला कुणी अडवलं नव्हतं, म्हाताऱ्याला तर कशाचंच सोयरसुतक नव्हतं. पण आईबापाविना वाढलेल्या पोरीसाठी कुणीतरी बर्फातून चाललं होतं, आणि परत द्यायला तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं. तिला तो म्हातारा फार आवडायचा. त्याचं नाव न घेणं ही तिने त्याला दिलेली एकुलती एक वस्तू होती, आणि दिलेली वस्तू कोण परत मागतं?

मग वरून हुकूम आला की म्हाताऱ्याकोताऱ्यांनीही लिहायला-वाचायला शिकायचं. संध्याकाळी गुरं बांधून झाली की दाढीवाले बापे पोरांच्या बाकांवर गुडघे आखडून बसायचे. पहिल्याच दिवशी तेमिर म्हणाला, "बालाम, माझं नाव कसं लिहितात तेवढं शिकव. बाकी सरकारचा कारभार मागाहून बघू." बालाम म्हणजे लेकरा.

मागून कुणीतरी खिदळलं, "बसा आता! ती घ्यायची नाही आणि तुम्हाला कळायचं नाही!"

कुलिपा लाल झाली. मग तिने खडू उचलला. सुटी अक्षरं म्हणायला कुणाची बंदी नव्हती. तिने एकेक अक्षर फळ्यावर काढलं आणि एकेक म्हटलं, मधे चांगला श्वास घेऊन, जणू एकाचा दुसऱ्याशी काही संबंधच नाही. "त. ए. म. इ. र. आता तुम्ही जोडा, अताके." अताके म्हणजे बाबा.

म्हातारा डोळे बारीक करून ओठ हलवत राहिला. "ते... तेम..." आणि एकदम बाकावरून उठला. "अरे, हा तर मीच!"

सगळा वर्ग हसून हसून लोळला. त्यानंतर म्हाताऱ्याला चळच लागला. चाबकाच्या दांड्याने बर्फावर तेमिर, कोळशाने तबेल्याच्या दारावर तेमिर. त्याची बायको काकिश वैतागली. "दारावर कशाला लिहितोस? घोड्यांना वाचता येतं?" पण एकदा सुनेला चहा ओतताना तिने सांगितलं होतं, की त्याच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून ह्याच्या आईने ह्याला लोखंडाचं नाव दिलं आणि पायात लोखंडाचं कडं घातलं, मरण आलं तर दात पडावेत त्याचे. "कडं केव्हाच गंजून गेलं," काकिश म्हणाली, "नावावर जगतोय."

चौथीच्या परीक्षा त्याच सुमारास सक्तीच्या झाल्या. पोरांना जिल्ह्याच्या गावी नेऊन बसवायचं, तिथला मास्तर शुद्धलेखन घालणार. कुलिपाची पोरं तयारीची होती, ती स्वतः गाडीत बसून सोबत गेली आणि दाराबाहेर उभी राहिली. आतल्या मास्तरने वाचलं, "तेमिर रस्ता आपल्या देशाला जोडतो." पोरांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांना वाटलं, हा बापडा गडी माणूस, त्याला म्हाताऱ्याचं नाव घेऊन बोलायला कुणाची आडकाठी? पण एझेकेने शिकवलंय की कागदावर सभ्यपणे लिहायचं. आणि सगळ्यांनी, अगदी घरच्या तेमिरोवनेसुद्धा, सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'टणक रस्ता आपल्या देशाला जोडतो.'

हसण्यासारखंच होतं, पण ती वर्षं हसण्याची नव्हती. कुलिपाच्या आधीचा मास्तर एका पहाटे सरकारी गाडीत घालून नेला होता, सरकारने बंद केलेल्या जुन्या लिपीतलं एक पुस्तक जवळ ठेवलं म्हणून. त्याचं नाव घ्यायला पुढे गडीसुद्धा घाबरत.

नारमातोव नावाचा तपासनीस आला तो थंडी सरता सरता. आमच्यातलाच तरुण, अंगात चामड्याचा कोट, छाती खोकल्याने भरलेली. त्याने पोरांना बाकांवर बसू दिलं, कुलिपाला फळ्यापुढे उभं केलं आणि कागद टेबलावर ठेवले.

"एका पोराने चुकवलं असतं तर मी म्हटलं असतं, पोर चुकलं," तो म्हणाला. "सगळ्यांनी एकच चूक केली, तर ती शिकवलेली असते. शब्द सरकारने ठरवलाय. तो बदलायला तुला कुणी सांगितलं?"

कुलिपा काय सांगणार? सासऱ्याचं नाव घेता येत नाही म्हटलं, की उद्या गाडी सासऱ्याच्या दारात उभी, सुनेला दाबून ठेवणारा जुनाट म्हातारा म्हणून. गप्प राहिलं तर गाडी तिच्यासाठी, आणि शाळेच्या दाराला कुलूप. तिचा हात खडूच्या भुकटीत चाचपडत राहिला.

नारमातोव मूर्ख नव्हता. त्याने हजेरीतलं आडनाव बघितलं असावं, किंवा त्याची आईही घरात कशालातरी दुसऱ्याच नावाने हाक मारत असावी. त्याने पुस्तक उघडून आगगाडीचं चित्र तिच्यापुढे धरलं. आवाज खाली आणला. "ताई, चित्राखाली काय लिहिलंय तेवढं वाच. एकदा मोठ्याने वाच, मी लिहीन की पोरांनी ऐकण्यात चूक केली, आणि निघून जाईन. माझा घोडाही थकलाय."

एवढं सोपं होतं. कुलिपाने तोंड उघडलं. जीभ टाळूला लागली, आणि डोळ्यांपुढे तो लगाम धरलेला हात आला, हातमोज्याशिवायचा, थंडीने निळा पडलेला. तिने तोंड मिटलं.

तेवढ्यात दार ढकलून तेमिर आत आला. कुणीतरी पोर मागच्या खिडकीतून सटकलं होतं. म्हातारा धापा टाकत होता, हातात चाबूक तसाच.

"वाच, बालाम. मी सांगतो ना, वाच."

"नाही येत, अताके," कुलिपा रडायलाच लागली. "खरंच नाही येत तोंडात."

"अक्साकाल," नारमातोव म्हणाला, वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं, पण कपाळाला आठ्या घालून, "बघा तुमच्या धाकाने काय झालंय."

"माझा धाक? हिला?" म्हातारा उसळला. "सगळ्यात आडमुठा घोडा हिच्यापुढे मान खाली घालतो! माझा कसला धाक घेऊन बसलास?" मग तो बाकावर टेकला, संध्याकाळी बसायचा त्याच जागेवर. दाढीवरून हात फिरवत म्हणाला, "मला एक सांग. तुझ्या राज्यात माणसाला नाव बदलता येतं म्हणतात."

"येतं. हक्कच आहे प्रत्येकाचा. पलीकडच्या गावात एकाने ट्रॅक्टर नाव घेतलंय."

"बरं. मग मला असं नाव दे, जे तुझ्या पुस्तकात कधीच येणार नाही."

नारमातोव गोंधळला. "ऑक्टोबर घ्या, क्रांतीचा महिना. चांगलं नाव आहे."

"ते येईल पुस्तकात."

"मे?"

"तेही येईल."

"ट्रॅक्टर दुसऱ्याच धड्यात आहे," पुढच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, आणि जीभ चावून गप्प बसली.

तेमिरने मान डोलावली. "मग माझं मीच सांगतो. लिही, कुदायबेर्गेन."

पोरांनी एकदम नारमातोवकडे बघितलं. कुदाय म्हणजे देव, आणि कुदायबेर्गेन म्हणजे देवाने दिलेला. सरकारने बंद केलेल्या गावच्या मशिदीत त्या वर्षी धान्याची पोती रचलेली होती.

"अक्साकाल, हे नाव मागासलेलं आहे," नारमातोव सावकाश म्हणाला.

"तेच तर म्हणतोय मी. देव हा शब्द तुझ्या पुस्तकात येईल?"

"कधीच नाही."

"नक्की?"

"शंभर वर्षांतही नाही!"

"मग लिही ना, बाबा. माझ्या सुनेची सोय झाली."

 नारमातोवला हसू फुटलं, आणि हसता हसता असा खोकला आला की कुलिपाने धावत जाऊन पाणी दिलं. पाणी पिऊन, डोळे पुसून त्याने खरंच लिहिलं. परीक्षेच्या कागदांवरही काहीतरी खरडलं, स्थानिक बोलीचा दोष वगैरे.

"आता तेमिर म्हणजे नुसतं लोखंड," म्हातारा उठून म्हणाला. "माझा त्याच्याशी काही संबंध नाही. वाच."

कुलिपाने पुस्तक छातीशी धरलं. आवाज बारीकच आला. "तेमिर... तेमिर रस्ता आपल्या देशाला जोडतो." पोरांनी सवयीने तिच्यामागून मोठ्याने म्हटलं. म्हातारा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला होता, बाहेर आपले घोडे दिसतात का बघत. इतक्या वर्षांत सुनेच्या तोंडून त्याने स्वतःचं नाव पहिल्यांदा ऐकलं, आणि ते आता त्याचं राहिलं नव्हतं. तो बराच वेळ वळला नाही.

घरी काकिशने आकाशपाताळ एक केलं. "आईने अंगावर चढवलेलं चिलखत त्या खोकल्या पोराला देऊन आलास! आता कशावर जगशील?"

"अगं, दाढी पांढरी झाली माझी," तो बोरसोक, म्हणजे तळलेल्या पिठाचा गोळा, चहात बुडवत म्हणाला. "आता मेलो तरी पाळण्यात तर नाही मरणार. आईचं काम तिने केलंय."

काकिश रडायची थांबली नाही, पण त्याच्या वाटीत चहा मात्र ओतला.

गावाने काही ते नवं नाव घेतलं नाही. गडी त्याला तेमिरच म्हणत राहिले, सुना टणकच म्हणत राहिल्या. कुदायबेर्गेन म्हणून त्याला कधी कुणी हाक मारली नाही. ते नाव एका कागदावर होतं, आणि कुलिपाच्या मनात. शाळेत ती आता तेमिर म्हणायची, आणि घराचा उंबरठा ओलांडला की पुन्हा टणक. पण एक गोष्ट तिने कायमची सोडली. आमच्या बायका ठेच लागली तरी 'कुदाय' म्हणून देवाला हाक मारतात, हरवलेली सुई सापडली तरी. कुलिपाने तो शब्द पुन्हा उच्चारला नाही. सासऱ्याचं नाव होतं ते. फारच गरज पडली तर म्हणायची, "वरचा."

मग एका वर्षी सरकारने लिपीच बदलली. आधीची रद्द झाली, आता रशियनांसारखी. कुलिपा पुन्हा अ-आ शिकली आणि पोरांना शिकवू लागली. म्हातारा एका संध्याकाळी फळ्यापुढे येऊन उभा राहिला, चाबकाने एकेक अक्षर मोजलं आणि म्हणाला, "नाव गेलं ते गेलं, आता बघ, ह्यांनी माझी तीन अक्षरं ठेवली आणि दोन नेली. सगळंच न्यायचं ना!" नवी दोन काही त्याने शिकली नाहीत. युद्धाच्या दुसऱ्या हिवाळ्यात, झुमाश आघाडीवर असताना, तो झोपेतच गेला. कुलिपा एवढी रडली की लोकांना वाटलं, हिचा बापच गेला. तसंच होतं ते.

झुमाश परत आला. मुलं झाली, नातवंडं झाली, कुलिपाने गावाच्या कितीतरी पिढ्यांना पाटी गिरवायला बसवलं. निवृत्तीच्या वेळी जिल्ह्याने तिचा सत्कार केला. भाषण करणारा साहेब म्हणाला की कुलिपा-एझेकेंचा आदर्श घ्या, साऱ्या गावात देवाचं नाव तोंडात न आणणारी ही एकच बाई. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुलिपाने मान खाली घातली. पुढच्या रांगेतली तिची सून म्हणाली, किती लाजतात बघा. लाजत कसली होती, तिला हसू आवरत नव्हतं.

ते सरकार गेलं तेव्हा कुलिपा पंचाहत्तरीला आली होती. झेंडा बदलला, पैसा बदलला, आणि शाळेत नवी पुस्तकं आली. तिची पणती मेरिम एका दुपारी चुलीजवळ बसून तेच नवं पुस्तक वाचत होती. वाचता वाचता अडली.

"चोनेने, हा शब्द काय आहे?" पणजीला आमच्याकडे चोनेने म्हणतात.

कुलिपाने चष्मा लावला. पोरीचं बोट होतं तिथे बघितलं, आणि बघतच राहिली.

"वाच ना," मेरिम म्हणाली. "तू तर मास्तरीण होतीस."

"शंभर वर्षांतही नाही म्हणाला होता तो तपासनीस," कुलिपा पुटपुटली. "साठसुद्धा नाही झाली. फसवलं हो त्याने तुम्हाला, अताके." ती हसायला लागली, खूप हसली, आणि डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे पुसायला लागली तेव्हा पोर घाबरलं.

"चोनेने, तुला येत नाही का वाचायला?"

"येतं गं. पण मी म्हणायचं नसतं ते." तिने पुस्तक मांडीवर ओढलं आणि बोट पहिल्या अक्षरावर ठेवलं. चांगला श्वास घेतला. "क." पुन्हा श्वास. "उ. द. आ. य. आता तू जोड."

मेरिमने ओठ हलवले, कपाळाला आठ्या घातल्या. मग खणखणीत आवाजात म्हणाली, "कुदाय!"

ज्या नावाने म्हाताऱ्याला कधीच कुणी हाक मारली नव्हती, त्याची ती निम्मी हाक त्याच्या घरात पहिल्यांदा उमटली. कुलिपा दाराकडे बघत होती, बाहेर बर्फातून कुणी लगाम धरून येतंय की काय असं.

"बरोबर वाचलं?" पोरीने विचारलं.

"बरोबर," कुलिपा म्हणाली. "पुन्हा एकदा वाच. जरा मोठ्याने."